फूड ट्रक फिरताना: आधी वेळ, मग जागा, मग पदार्थ

शहरातले फूड ट्रक पालथे घालायला निघालेल्यांचा दिवस बहुतेक वेळा ठरावीक पद्धतीनेच बिघडतो. कुणीतरी टाकलेला फोटो बघून एखादा पदार्थ मनात भरतो, नकाशावर ट्रकचं नाव शोधलं जातं आणि जेवणाच्या ऐन वेळी तिथे धडकायचं ठरतं. गेल्यावर ट्रकच जागेवर नसतो. असला तर तो पदार्थ संपलेला असतो. तोही असला तर रांग इतकी लांब असते की भुकेच्या भरात चार प्लेटा मागवल्या जातात आणि पुढचे ट्रक बघायचे राहूनच जातात.

हॉटेल रोज त्याच जागी उभं असतं, त्यामुळे आधी पदार्थ ठरवला तरी चालतं. ट्रक फिरता असतो, त्याच्याकडचा माल मोजका असतो आणि दर तासाला त्याच्या हातची चव थोडी बदलते. म्हणून इथे आधी वेळ ठरवायची, वेळेवरून जागा आणि सगळ्यात शेवटी पदार्थ. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. यादी करा, पण तीन गटांत

नुसती नावांची यादी उपयोगाची नाही. प्रत्येक नावापुढे तो ट्रक कुठल्या प्रकारचा आहे ते लिहा.

पहिला गट ठरलेल्या जागेवर उभे राहणाऱ्यांचा. एखाद्या मोकळ्या आवारात चार-सहा ट्रक कायमचे लागलेले असतात, तेही याच गटात. दुसरा गट वारानुसार जागा बदलणाऱ्यांचा: सोमवारी ऑफिसांच्या भागात, शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजजवळ, रविवारी बागेपाशी. तिसरा गट फक्त कार्यक्रमांत दिसणाऱ्यांचा. हे ट्रक प्रदर्शनं, मैफिली, लग्नं, कंपन्यांचे समारंभ यांतच असतात आणि एरवी रस्त्यावर सापडत नाहीत.

नवखा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या गटातल्या ट्रकच्या मागे लागतो, कारण फोटो त्यांचेच जास्त फिरतात. पहिल्या फेरीत त्यांना हात लावू नका. सुरुवात दुसऱ्या गटापासून करा. माझ्या मते शहरातलं सगळ्यात चांगलं खाणं याच गटात मिळतं. त्याच लोकांसमोर त्याच वारी पुन्हा उभं राहायचं असल्यामुळे हे ट्रक आपला दर्जा सहसा घसरू देत नाहीत.

२. माहिती कुठली खरी मानायची

नकाशावरची वेळ आणि जागा ट्रकच्या बाबतीत फारशी भरवशाची नसते. ट्रकवाल्याने ती एकदा भरलेली असते आणि पुढे बदलायची राहून गेलेली असते. 'शहरातले दहा उत्तम ट्रक' छापाच्या याद्या नावं कळण्यापुरत्या वाचा. त्यांतले काही ट्रक बंद पडलेले असतात, काहींनी मालक किंवा पदार्थ बदललेले असतात.

विश्वास ठेवायचा तो ट्रकच्या स्वतःच्या सोशल मीडियावरच्या खात्यावर, त्यातही त्याच दिवशी टाकलेल्या स्टोरीवर, म्हणजे दिवसभरापुरत्या दिसणाऱ्या पोस्टवर. आठवड्याचं वेळापत्रक खात्याच्या वरच्या बाजूला चिकटवलेलं असतं, पण पाऊस, वाहन नादुरुस्त होणं, परवानगीची अडचण किंवा एखादं मोठं खासगी काम आलं की ते मोडतं आणि त्याची खबर फक्त स्टोरीत मिळते. संदेश पाठवून विचारायचं असेल तर नेमकं विचारा: "आज कुठे आहात, खिडकी किती वाजता उघडते आणि लवकर काय संपतं?" हा तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत, आणि सगळ्यात कामाचं उत्तर त्याचंच असतं.

लोकांचे अभिप्राय वाचताना आधी तारीख बघा. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा. त्यातही 'मस्त', 'भारी' म्हणणारे सोडून द्या आणि कुठल्या वेळी गेलो, किती थांबलो, काय संपलं होतं असं सांगणारे जपून ठेवा.

तपासून घ्या: निघायच्या आदल्या रात्री एकदा आणि घर सोडताना एकदा, अशी जागेची खात्री दोनदा झाली का? आदल्या रात्रीच्या खात्रीवर निघू नका.

३. वेळ ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रकमध्ये जागा अगदी कमी असते. भाज्या चिरणं, रस्सा शिजवणं, मसाले वाटणं, मांस मुरवत ठेवणं ही बहुतेक तयारी सकाळी दुसऱ्या स्वयंपाकघरात होते. मग डबे ट्रकमध्ये चढतात, आणि चढले तेवढेच दिवसभर विकायचे असतात. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला पदार्थ संपला की संपला, तो तिथे उभ्या-उभ्या पुन्हा होत नाही. उलट जे जागेवर तळलं किंवा भाजलं जातं ते बहुधा शेवटपर्यंत मिळतं. म्हणजे आधीच शिजवून आणलेल्या पदार्थासाठी लवकर जायला हवं, जागेवर होणाऱ्या पदार्थासाठी गर्दी नसताना.

गर्दीचा चवीशी थेट संबंध आहे. तळणाचं तेल साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं लागतं. त्यात गार माल पडला की तापमान खाली येतं आणि पुन्हा चढायला वेळ लागतो. शांत वेळी आचारी हा वेळ देतो. रांग अंगावर आली की एकापाठोपाठ एक घाणे पडत राहतात, कढईत नेहमीपेक्षा जास्त माल कोंबला जातो, तेल तापायला सवडच मिळत नाही, आणि तळण कुरकुरीत व्हायच्या ऐवजी तेल पिऊन मऊ पडतं. तव्यावरही तेच होतं. जागा मोकळी असली की पदार्थाच्या कडा तांबूस होतात. तवा गच्च भरला की सुटलेलं पाणी उडून जायला वाव राहत नाही, आणि भाजण्याऐवजी पदार्थ वाफेवर शिजतो. त्याच आचाऱ्याने त्याच सामानातून केलेली प्लेट अर्ध्या तासाच्या फरकाने वेगळी लागते ती यामुळे.

तेव्हा पोहोचायची वेळ अशी धरा: खिडकी उघडल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, पण जेवणाची मुख्य गर्दी सुरू व्हायच्या आधी. खिडकी उघडताक्षणी गेलात तर तवा आणि तेल पुरेसं तापलेलं नसतं आणि पहिल्या काही प्लेटांवर ते जाणवतं. गर्दी ओसरल्यानंतरची वेळ तळणाला चांगली असते, मात्र तोवर यादीतलं काय काय उरलंय याचा नेम नसतो.

सावध: बंद व्हायच्या शेवटच्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच कुठल्याही ट्रकवर जाऊ नका. आवराआवर सुरू झालेली असते, सॉसचे डबे तळाला गेलेले असतात, आणि त्या प्लेटवरून ट्रकबद्दल मत बनवणं त्याच्यावर अन्याय आहे.

४. माणसं आणि पिशवी

तीन किंवा चार जण असणं सगळ्यात सोयीचं. एकट्या माणसाचं पोट दोन ट्रकांतच भरतं. सहापेक्षा जास्त झाले की प्रत्येकाची आवड सांभाळण्यात वेळ जातो, उभं राहायला जागा मिळत नाही, आणि तुमची एकच ऑर्डर मागच्या सगळ्या रांगेला अडकवते. निघण्यापूर्वी एक गोष्ट सगळ्यांकडून कबूल करून घ्या: प्रत्येक ट्रकवर एक किंवा फार तर दोन प्लेटा, वाटून खायच्या. हे आधी ठरलं नाही तर पहिल्याच खिडकीपाशी प्रत्येक जण स्वतःची प्लेट घेतो.

पिशवीत ठेवायचं सामान: पिण्याचं पाणी, भरपूर कागदी रुमाल, चमचे, वाटून घ्यायला दोन रिकामे डबे, कचऱ्यासाठी एक पिशवी, सुट्टे पैसे आणि चार्ज केलेली पॉवर बँक. नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, आणि कार्यक्रमाच्या गर्दीत ते हमखास जातं. हात धुवायला साबण किंवा साबणाचे कागद घ्या. सॅनिटायझर जवळ असावं, पण चिकट-तेलकट हातांवर ते नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवरही ते साबण-पाण्याइतकं प्रभावी नाही.

५. मार्ग आखा: एका फेरीत तीनच ट्रक

चौथा ट्रक यादीत असू द्या, पण तो राखीव. तिघांपैकी एखादा सापडला नाही तर त्याच्याकडे वळायचं. तिन्ही ट्रक पायी किंवा थोड्या वेळात गाठता येतील इतके जवळ निवडा. शहराच्या दोन टोकांचे दोन ट्रक एका संध्याकाळी बसवले की सगळा वेळ रस्त्यात जातो आणि गर्दी टाळायचा हिशेब कोलमडतो.

आता क्रम. साधा नियम असा की हलकं, आंबट, ताजं ते आधी, भाजलेलं त्यानंतर, तळलेलं आणि चीजने भरलेलं शेवटी, गोड सगळ्यांच्या मागून. तिखटही शक्यतो उशिरा घ्या, कारण जीभ एकदा भाजली की पुढच्या पदार्थातली बारीक चव कळत नाही. भाजलीच तर पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, दूध-दह्याने जास्त आराम पडतो.

पण या नियमाच्या वर एक नियम आहे: जे लवकर संपतं ते आधी. दोघांत टक्कर झाली तर बेशक जड पदार्थाच्या ट्रकवर आधी जा, फक्त तिथे वाटा छोटा घ्या.

दोन ट्रकांच्या मध्ये किमान वीस मिनिटं जाऊ द्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. हे अंतर चालत काटलंत तर उत्तम.

तपासून घ्या: तीन नावं, प्रत्येकापुढे पोहोचायची वेळ, लवकर संपणारा पदार्थ आणि एक राखीव ट्रक. एवढं एका कागदावर मावलं की मार्ग तयार झाला.

६. पोहोचल्यावर लगेच रांगेत घुसू नका

दोन मिनिटं बाजूला उभे राहून बघा. काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

आधी हात. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा माणूस वेगळा आहे का? एकच माणूस दोन्ही करत असेल तर मधे हात धुतो का? हातमोजे घातलेत एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच हातमोज्यांनी नोटा मोजून पुन्हा पाव उचलला तर ते घातल्याचा काही उपयोग नाही. आत हात धुवायची सोय आहे का आणि ती वापरली जाते का, हे खिडकीतून बहुतेक वेळा दिसतं.

मग तापमान. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायला हवेत, मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. तुमच्याकडे थर्मामीटर नसतो, पण डोळे असतात. शिजवलेल्या पदार्थाचा डबा आचेवर किंवा गरम पाण्याच्या भांड्यात बसवलेला आहे का? झाकण उघडल्यावर वाफ येते का? कच्चं मांस फ्रिजमधून लागेल तसं बाहेर निघतंय, की ओट्यावर ढीग करून ठेवलंय? दही किंवा मेयोनीज घातलेल्या चटण्या उन्हात उघड्या आहेत का? यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर वाईट आलं तर पुढे चला, कितीही नाव असलं तरी.

मग चिमटे. कच्चं उचलायला एक आणि शिजलेलं काढायला दुसरा, असं दिसलं तर तो आचारी मनापासून काम करतो हे समजा. तवा खरवडायचा त्याचा हातही बघा. चांगला आचारी प्रत्येक खेपेनंतर उलथन्याने काळं पडलेलं चिकट कडेला ओढतो, फडक्याने पुसतो, आणि मगच पुढचं टाकतो. या काही सेकंदांत त्या ट्रकबद्दल जे कळतं ते अभिप्रायांची पानं वाचून कळत नाही.

शेवटी परवाना. तो दिसेल असा लावलेला असणं चांगलं लक्षण आहे.

लांब रांग ही चवीची खात्री नव्हे. रांग लांब असून झरझर पुढे सरकत असेल तर माल सतत ताजा होतोय. रांग छोटी असूनही हलत नसेल तर आत काहीतरी अडलंय.

७. ऑर्डर देताना

खिडकीशी येण्याआधी ठरवून ठेवा. पाटीवर कमी पदार्थ असतील तर ते चांगलंच समजा. एवढ्याशा जागेत पंचवीस प्रकार करणाऱ्याकडे बरंच काही आधीच करून ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या भेटीत त्यांचा मुख्य पदार्थ, काहीही बदल न करता घ्या. 'सॉस कमी, कांदा नको, चीज जास्त' असं केलंत तर त्यांची चव तुम्हाला कळणारच नाही. काय घ्यावं हे विचारायचं असेल तर "इथे चांगलं काय आहे?" असं विचारू नका, त्यावर "सगळंच" हेच उत्तर येतं. "आत्ता ताजं काय निघतंय?" असं विचारा.

ॲलर्जी असेल तर बाकी काही बोलण्याआधी ते सांगा, आणि पदार्थात ती वस्तू आहे का एवढंच विचारून थांबू नका. तेल एकच आहे का, तवा एकच आहे का, तेही विचारा. एकाच तेलात सगळं तळलं जात असेल तर शेंगदाणा, मासे, अंडं, गहू यांचे अंश दुसऱ्या पदार्थात उतरतात, आणि गरम केल्याने ॲलर्जीचा धोका जातो यावर विसंबता येत नाही. गर्दीत समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तिथे खाऊ नका. शाकाहारी मंडळींनीही तवा आणि तेल वेगळं आहे का हे याच वेळी विचारून घ्यावं.

पैसे दिलेत की खिडकी मोकळी करा. ऑर्डर घ्यायची आणि पदार्थ द्यायची खिडकी अनेक ट्रकांत वेगळी असते. नाव किंवा टोकन पुकारलं जाईल ते ऐकू येईल इतपत जवळ राहा. जनरेटर चालू असेल तर त्याच्या धुरापासून लांब उभे राहा, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

सावध: आचाऱ्याशी गप्पा मारायची इच्छा असेल तर ती गर्दी ओसरल्यावर. रांग असताना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची किंमत तव्यावरचा पदार्थ मोजतो.

८. खाताना

ट्रकचं खाणं लगेच खायचं असतं. डब्यात मिळालं असेल तर हातात येताच झाकण उघडा. आत कोंडलेली वाफ पाच-सात मिनिटांत कुरकुरीत थर ओला करते. फोटो एक, पटकन.

पहिला घास साधा घ्या, वरून काहीही न ओतता. दुसरा त्यांच्या सॉससोबत. त्यानंतर मिसळायचं ते मिसळा. सगळ्या बाटल्या सुरुवातीलाच पिळल्या तर तीनही ट्रकांची चव एकसारखी लागेल. मांस, विशेषतः कोंबडी, आतून गुलाबी किंवा गार लागली तर परत करा, संकोच नको. आत पूर्ण शिजायला ७४ अंश सेल्सिअस लागतात. मात्र नुसत्या रंगावरून ती शिजलीच असं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून शंका आली की तो घास सोडून द्यावा.

उरलेलं घरी नेणार असाल तर घड्याळ बघा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फिरतीवर असताना हे गणित जमत नाही, म्हणून मुळातच कमी मागवा.

९. नोंद, आणि दुसरी फेरी

दुसऱ्या ट्रकवर जाण्यापूर्वी मोबाइलवर चार ओळी लिहा: वार आणि वेळ, काय खाल्लं, किती वेळ थांबलो, काय संपलं होतं. तारे देऊ नका, 'कडा कुरकुरीत, आत कोरडं, सॉसने सावरलं' असं लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की तिन्ही ट्रक एकमेकांत मिसळतात.

ज्या ट्रकने निराश केलं पण ज्याचे हात आणि तवा स्वच्छ होते, तिथे पुन्हा जा, वेगळ्या वारी आणि गर्दी नसताना. दोन्ही खेपांना पदार्थ तसाच निघाला तर नाव खोडा. जिथे स्वच्छतेचीच शंका आली होती, तिथे दुसरी संधी द्यायची गरज नाही.

आवडलेल्या ट्रकवर दुसऱ्या फेरीत दोन गोष्टी करा. तोच मुख्य पदार्थ पुन्हा घ्या, म्हणजे सातत्य कळेल, आणि सोबत पाटीवर सगळ्यात खाली लिहिलेला किंवा त्या दिवसापुरता खडूने लिहिलेला पदार्थ घ्या. गर्दी नसेल तर आचाऱ्याला विचारा की तो सुट्टीच्या दिवशी कुणाच्या ट्रकवर खातो. तुमच्या पुढच्या यादीतलं पहिलं नाव बहुधा तिथूनच मिळेल, आणि ते कुठल्या गटात बसतं हे त्याच्याकडूनच विचारून घ्या.